दोनशे सतरा नंबरची छाती

हिंदुराव पोवारने प्रयोगशाळेचे दार पायाने ढकलले आणि हातातले तपकिरी पाकीट माझ्या तराजूशेजारी टाकले.

“मुरली, डाग आलाय,” तो म्हणाला. “नाव माझं हाय, डाग तुझा हाय. आता काय करायचं बोल.”

पाकीट फोडलेले होते. आतल्या कागदावर टाइप केलेल्या चार ओळी होत्या. श्री. हिंदुराव ज्ञानू पोवार, टोकन क्रमांक २१७, यांच्या छातीच्या फोटोत डाव्या फुप्फुसाच्या वरच्या भागात संशयास्पद छाया दिसत असून त्यांनी गुरुवारी सकाळी दहा वाजता मिरजेच्या दवाखान्यात समक्ष यावे. खाली डॉ. निर्मला आठल्ये यांची सही. मी कागद दोनदा वाचला. तिसऱ्यांदा वाचायला घेतला तेव्हा हिंदुरावने तो माझ्या हातातून काढून घेतला.

“वाचून पुसला जाणार हाय व्हय लगा?”

ही सत्त्याण्णव सालच्या जानेवारीतली गोष्ट. कोल्हापूरजवळच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका फौंड्रीत मी केमिस्ट होतो. साच्याच्या वाळूतली ओल मोजायची, वितळलेल्या लोखंडातला कार्बन तपासायचा, हे माझे काम. तेही काचेच्या बंद खोलीत. हिंदुराव फेटलिंगला होता. साचा फोडून बाहेर काढलेल्या ओतीव भागांना वाळू चिकटलेली असते. ती छिन्नीने आणि ग्राइंडरने उडवायची, याला फेटलिंग म्हणत. तिथे बारा महिने धुके असे, ते वाळूच्या धुळीचे. नाकातोंडावर रुमाल बांधून माणसे काम करीत, आणि पाळी सुटताना दारावर प्रत्येकाला कंपनीकडून गुळाचा खडा मिळे. गूळ खाल्ला की आत गेलेली धूळ खाली उतरते, हा तिथला जुना समज. मी रसायनशास्त्राचा पदवीधर. या समजाला मी कधी आक्षेप घेतला नाही; उलट दारावरून जाताना मीही एक खडा तोंडात टाकत असे.

पाकीट येण्याच्या नऊ दिवस आधी मिरजेहून छातीचे फोटो काढणारी गाडी आमच्या आवारात आली होती. धुळीच्या खात्यांतल्या प्रत्येकाने फोटो काढायचा, असा हुकूम होता. आम्हा ऑफिसवाल्यांना त्यातून सूट होती. गाडी दारात उभी राहिली आणि फेटलिंगमधल्या माणसांची तोंडे उतरली. आदल्या वर्षी शेजारच्या कारखान्यात अशीच तपासणी झाली होती. ज्यांच्या फोटोत काही निघाले, अशा नऊ जणांना पंधरा दिवसांनी फाटकावरच सांगण्यात आले, की उद्यापासून येऊ नका.

चहाच्या सुटीत हिंदुरावने मला वाळूच्या ढिगामागे नेले. तिथे आम्ही रोज उभे राहत असू. तो विडी ओढी, मी सिगरेट.

“तुझी छाती कोरी हाय,” तो म्हणाला. “काचंआड बसतोस. माझं टोकन घे आन् जाऊन उभा ऱ्हा.”

“दादा, ते ओळखतील.”

“कोण वळखतंय? मिरजेची माणसं. तोंडाला काळी वाळू फासली की समदे सारखेच. माझी आई जरी आली तरी गोंधळंल.”

पंधरा वर्षांच्या ओळखीत त्याने माझ्याकडे काही मागितले नव्हते. माझे वडील अर्धांगवायूने अंथरुणाला खिळले, तेव्हा कामावरून सुटल्यावर सहा महिने रोज घरी येऊन त्यांना उचलून बसवणारा माणूस तोच होता. मी त्याचा सदरा चढवला, काळी वाळू तोंडाला फासली, धीर यावा म्हणून लागोपाठ दोन सिगरेटी ओढल्या आणि पितळी टोकन हातात घेऊन रांगेत उभा राहिलो. कोणीही ओळखले नाही. गार पत्र्याला छाती टेकवली, श्वास रोखला आणि बाहेर आलो. हिंदुरावने माझ्या पाठीवर थाप मारली होती.

आणि आता हे पाकीट.

“फोटोंची अदलाबदल झाली असेल,” मी म्हणालो.

“आसंल की.” तो माझ्या स्टुलावर बसला. जरा वेळाने त्याने एकदम मान वर केली. “मुरली, आत जायच्या आदी तू सिगरेट वढलीवतीस न्हवं?”

“दोन.”

“बघ! त्योच धूर. आत अडकून ऱ्हायला आन् फोटूत आला. डाग कसला आलाय, धूर हाय त्यो!” त्याचा चेहरा उजळला. “गुरुवारपातूर एक बी वढू नगंस. सकाळ-संध्याकाळ गूळ खा. आन् परत माझ्या नावानं जाऊन उभा ऱ्हा. डाग गेलेला दिसला की बाई म्हणंल, मशीनच बिघडली हुती.”

मी हसायला हवे होते. धूर फुप्फुसात नऊ सेकंदही थांबत नाही आणि क्ष-किरणांना तो दिसत नाही, हे मला शाळेतल्या मुलाला समजावून सांगता आले असते. मी तराजूचे दार लावले, उघडले, पुन्हा लावले.

“पूर्ण बंद ठेवायची, की दिवसाला एखादी चालेल?” मी विचारले.

बावीस वर्षांत प्रथमच मी सलग तीन दिवस सिगरेटशिवाय काढले. बायकोला वाटले, नव्या वर्षाचा संकल्प आहे. सकाळचा खोकला मात्र तसाच राहिला. बुधवारी सकाळी मोरीत थुंकलो, तेव्हा थुंकीत लाल केसासारखी एक रेघ होती. मी तांब्याभर पाणी ओतले आणि हिरड्या फार नाजूक झाल्या आहेत, अशी मनाची समजूत घातली. मंगळवारी आणि बुधवारी कामावर हिंदुराव येता-जाता काचेवर टकटक करी आणि गालात गूळ आहे का, ते खुणेने विचारी. मी गाल फुगवून दाखवी.

गुरुवारी आम्ही एस.टी.ने मिरजेला गेलो. हिंदुराव बाहेरच्या बाकावर बसला. मी त्याच्या नावाने पुन्हा फोटो काढला आणि सव्वाबाराच्या सुमारास मला आत बोलावणे आले.

डॉ. आठल्ये पन्नाशीच्या, ठेंगण्या, हळू आवाजात बोलणाऱ्या बाई होत्या. त्यांनी पाठीला नळी लावून बराच वेळ ऐकले. मग समोर बसवले.

“पोवार, फेटलिंगला किती वर्षं झाली?”

“एकोणीस.”

“विडी ओढता?”

“सिगरेट. दिवसाला बारा.”

त्या दिवशी त्या खोलीत मी दिलेले हे पहिले खरे उत्तर. त्यांनी ते लिहून घेतले आणि भिंतीवरच्या उजेडाच्या पेटीवर दोन फोटो शेजारी शेजारी लावले.

“हा गाडीत काढलेला, हा आजचा. हे पाहा.”

पाहण्यासाठी वैद्यकीय ज्ञानाची गरज नव्हती. डावीकडे, वरून दुसऱ्या-तिसऱ्या बरगडीमागे, चिंचोक्याएवढा एक पांढरट ठिपका. दुसऱ्या फोटोत तो तिथेच होता, तेवढाच. मी तीन दिवस गूळ खाल्ला होता.

“हा डाग मला आवडलेला नाही,” त्या म्हणाल्या. “त्याला नाव देण्याआधी तपासण्या कराव्या लागतील. पण मी तुम्हाला बोलावलं त्याला आणखी एक कारण आहे. तुमच्या कारखान्यात मी फेटलिंगच्या बावीस माणसांचे फोटो पाहिले. एकवीस जणांच्या फुप्फुसांत कमी-जास्त धूळ बसलेली आहे. वर्षभरापूर्वी लागलेल्या पोराच्यासुद्धा. एकोणीस वर्षं काढलेले तुम्ही एकटे असे आहात, की हा एक डाग सोडला तर धुळीचा कण नाही. हे कसं?”

“मी गूळ खातो,” मी म्हणालो.

त्या हसल्या नाहीत. “गूळ पोटात जातो, पोवार. धूळ पोटात बसत नाही. हात दाखवा.”

मी हात टेबलावर ठेवले. ग्राइंडरच्या ठिणग्यांनी फेटलिंगच्या माणसाच्या हातांवर कोपरापर्यंत काळे ठिपके उमटतात. हिंदुरावचे हात तर गोंदल्यासारखे दिसत. माझ्या हातांवर काहीच नव्हते. उजव्या हाताची दोन बोटे तेवढी नखांपर्यंत पिवळी होती. त्यांनी त्या बोटांकडे पाहिले, आणि माझ्याकडे.

“फेटलिंगवाल्यांच्या धुळीला सगळे भितात. भ्यायलाच हवं, ती वाळूची धूळ आणि वर विडी, हे दोन्ही मिळून काय करतात ते मी रोज पाहते. पण काचेच्या खोलीतही माणूस स्वतःचा धूर बरोबर घेऊन बसतो. तिथं त्याला कोणी रुमाल बांधायला सांगत नाही.”

काचेची खोली हा शब्द त्यांनी कुठून आणला, ते मला कळले नाही. बहुधा गाडीच्या दिवशी आवारात फिरताना त्यांनी प्रयोगशाळा पाहिली असावी.

“तुमचं नाव मी विचारणार नाही,” त्या म्हणाल्या. त्यांनी दवाखान्यात भरती होण्याचा अर्ज माझ्यासमोर सरकवला. “तुम्हीच ते इथं लिहाल. हिंदुराव पोवार असं लिहिलंत, तर रक्त त्यांचं म्हणून तपासलं जाईल, भूल त्यांना म्हणून दिली जाईल आणि छाती उघडायची वेळ आली तर तीही त्यांची म्हणून उघडली जाईल. असं कोणाचं ऑपरेशन मी होऊ देणार नाही.”

“आणि खरं नाव लिहिलं तर हिंदुरावचं काय?”

“सोमवारी मला कंपनीला अहवाल द्यायचा आहे. त्यांचा स्वतःचा फोटो आज मिळाला, तर तो मी पाहीन आणि धुळीतून दुसरीकडे काम द्या, असं लिहीन. कंपनी ते मानेल याची हमी मी देऊ शकत नाही. पण न पाहिलेल्या छातीला निर्दोष म्हणून मी सही करणार नाही.” त्यांनी उघड्या दाराकडे पाहिले. “ते बाहेर आहेत?”

“आहेत.”

“फोटोची खोली एक वाजता बंद होते.” त्यांनी अर्जावर पेन ठेवले आणि दुसरे कागद पाहू लागल्या.

भिंतीवरच्या घड्याळात बारा पस्तीस झाले होते.

मी बाहेर आलो तेव्हा हिंदुराव बाकाच्या टोकाला बसून धोतर नेसलेल्या एका म्हाताऱ्याशी ऊस कधी तुटणार, यावर बोलत होता. मला पाहताच तो उठून आला.

“गेला का?”

“नाही. डाग माझाच आहे.”

त्याने माझा दंड धरला आणि मला जिन्याखालच्या मोकळ्या जागेत नेले. “काय म्हणाल्या बाई?”

मी सगळे सांगितले. एकवीस फोटो, अर्ज, सोमवारचा अहवाल. तो ऐकत होता, आणि ऐकता ऐकता त्याचा हात माझ्या दंडावरून सुटला.

“म्हंजे तू सांगून टाकलंस.”

“त्यांना आधीच कळलं होतं. दादा, वीस मिनिटं आहेत. आत जा.”

“माझी छाती बघून तुझा डाग लहान हुणार हाय का?”

“नाही.”

“मग?”

“मग तुझ्यात काय आहे ते तरी कळेल.”

“मला ठाव हाय,” तो म्हणाला.

जिन्यावरून कोणीतरी बादली घेऊन खाली येत होते. ते गेल्यावर त्याने आवाज उतरवला.

“दोन वर्षं हुतील आता. इचलकरंजीला जाऊन गपचीप फोटू काढला हुता. त्यो डाक्टर म्हणाला, धूळ बसलीया, काम सोडा. फोटू घरी आणला, बायकूला, शालनला, सांगितलं कामावरच्या एकाचा हाय. पंच्याण्णवच्या दिवाळीत गिराण झालं बघ, तवा गल्लीतली समदी पोरं त्याच फोटूतनं सूर्य बघत हुती. तुझा पोरगा बी हुता. मला म्हणाला, काका, ह्यात ठिपकं ठिपकं लय हायती.” तो हसायला गेला, त्याचा खोकला झाला. “आन् मी काय करू, बोल. एकोणीस वर्षं एकच काम केलंय. ह्या हातास्नी दुसरं काय येतंय?”

मला ते ठाऊक नव्हते. दोन वर्षे रोज त्याच ढिगामागे आम्ही उभे राहत होतो, तो विडी पेटवण्याआधी मला काडी देत होता, आणि मला ठाऊक नव्हते.

“दोन वर्षांत आणखी बसली असेल,” मी म्हणालो. “आणखी दोन वर्षांनी काय होईल?”

“हुईल ते हुईल.”

“दादा, आत जा.”

“न्हाई जात. तू तुझं बघ. तुझी भरती हू. मी गाडीनं जातो.” त्याने खिशातून विड्यांचा कट्टा काढला, भिंतीवरची पाटी पाहून परत आत ठेवला आणि चालू लागला. माझ्या घड्याळात बारा सत्तेचाळीस झाले होते.

त्याला अडवायला माझ्याजवळ काहीच नव्हते. तो माझ्याहून पाच वर्षांनी मोठा होता, दुप्पट ताकदीचा होता आणि त्याचे म्हणणे खरे होते. नोकरी गेली तर मी त्याला काय देणार होतो? मी मागून म्हणालो, “तू आत गेला नाहीस, तर मीही भरती होणार नाही.”

तो थांबला.

“काय म्हणालास?”

“अर्ज तसाच टेबलावर पडलाय. मी सही करत नाही. जो डाग आहे तो राहू दे. दोघंही एकाच गाडीनं जाऊ.”

“येड लागलंय का तुला? पोरगं बारकं हाय तुझं!”

“तुझ्या घरी शालन वहिनी नाहीत?”

तो तीन ढांगांत परत आला. मला वाटले, हात उगारतो. त्याने माझ्या सदऱ्याची कॉलर धरली आणि तोंडाजवळ तोंड आणून एक अशी शिवी हासडली, की बाकावरचा म्हातारा उठून उभा राहिला.

“शिकल्याला माणूस तू! आसं पेचात धरतोस व्हय मला?”

“धरतो.”

“मरशील की रं!”

“मग जा आत.”

त्याने कॉलर सोडली. बराच वेळ तो माझ्याकडे पाहत राहिला. त्या पाहण्यात राग होता, आणि दुसरेही काही होते, जे मला तेव्हा ओळखता आले नाही. मग डोक्यावरची टोपी काढून त्याने ती माझ्या छातीवर आपटली, म्हणजे मी ती धरावी म्हणून, आणि फोटोच्या खोलीकडे गेला. दार लावायला आलेल्या कामगाराला त्याने खांद्याने बाजूला सारले.

परतीच्या एस.टी.त तो माझ्या शेजारी न बसता पुढच्या बाकावर जाऊन बसला.

पुढच्या आठवड्यात मी भरती झालो. तपासण्यांत त्या डागाला नाव मिळाले. कर्करोगच होता, पण एका जागी बसलेला, लहान. डाव्या फुप्फुसाचा वरचा भाग काढून टाकला. मी शुद्धीवर आल्यावर आठल्ये बाई एवढेच म्हणाल्या, “खोकला थांबण्याची वाट पाहत आणखी सहा महिने काढले असते, तर मी तुम्हाला औषधापेक्षा धीरच जास्त दिला असता.” सिगरेट पुन्हा हातात घेतली नाही. त्याचे श्रेय माझे नाही. छाती शिवलेली असताना पहिल्यांदा खोकून पाहिलेला माणूस ती घेत नाही.

हिंदुरावच्या फोटोत दोन्ही फुप्फुसांवर खसखस सांडल्यासारखी धूळ होती. कर्करोग नव्हता. आठल्ये बाईंनी अहवालात, क्रमांक २१७ चा पहिला फोटो ग्राह्य धरू नये, असे एक वाक्य लिहिले. का, ते लिहिले नाही. हलके काम द्या, असे त्यांनी सहा जणांसाठी सुचवले होते. कंपनीने सहाही जणांना फाटकाबाहेर ठेवले. युनियनने पाच महिने भांडून चौघांना परत घेतले. हिंदुराव त्यांत होता. त्याला लाकडी नमुन्यांच्या गोदामात बसवले. उरलेल्या दोघांचे काय झाले, ते मला सांगवत नाही.

त्या पाच महिन्यांत मी त्याच्या घरी गेलो नाही. गेलो असतो तर वहिनींच्या समोर कसा बसलो असतो? एके दिवशी त्याच आल्या, भाकरी आणि पिठले घेऊन. मी अजून उशांना टेकूनच बसत होतो.

“तुम्ही त्यास्नी आत ढकललं म्हणं,” त्या म्हणाल्या.

“हो वहिनी.”

त्यांनी डबा उघडून ताटलीत वाढले. मग म्हणाल्या, “आदी ढकलायचं हुतं.”

हिंदुराव त्यानंतर बारा वर्षे जगला. आत बसलेली धूळ निघाली नाही, पण नवी गेली नाही. विडीही त्याने सोडली. शेवटच्या वर्षात मात्र त्याला दहा पावले चालले तरी दम लागे. मी संध्याकाळी जाऊन त्याच्या पलंगाशेजारी बसत असे. एकदा वहिनी आत असताना, इतकी वर्षे मनात राहिलेले मी सांगून टाकले.

“दादा, मिरजेत मी तुझ्याशी खोटं बोललो. बाहेर येण्याआधीच मी अर्जावर सही केली होती. माझ्या नावानं. तू निघून गेला असतास, तरी मी भरती होणारच होतो.”

तो डोळे मिटून पडला होता. दोन-तीन श्वास गोळा करून त्याने उत्तर दिले.

“ठाव हाय. दार उघडंच हुतं. बाकावरनं दिसत हुतास तू, मान खाली घालून लिवताना.”

“मग आत का गेलास?”

त्याने उशीवरच मान वळवून माझ्याकडे पाहिले.

“दोन वर्षं एकटाच भीत हुतो लगा,” तो म्हणाला. “त्या दिवशी तू बी भ्यालेला दिसलास. म्हटलं, चला. आता जाऊ आत.”